निदान आक्काला तरी

चव्वेचाळिसाव्या वर्षी आपल्याला ऑटिझम आहे असं कळल्यावर माणसाला काय काय प्रश्न पडतात, ह्यावर पुस्तकं लिहिली गेली आहेत. अमरसिंह सरनोबतला कोल्हापुरात जो प्रश्न पडला तो मात्र त्यांतल्या एकाही पुस्तकात नव्हता. तो प्रश्न असा, की सांगायचं झालं तर आधी कुणाला सांगायचं. बातमी काय आहे ह्याला कोल्हापुरात फारशी किंमत नाही. ती आपल्याला कितव्या नंबरला कळली ह्याला आहे. पत्रिका आधी धाकट्याकडे गेली म्हणून थोरल्याने मांडवात पाऊल टाकलं नाही, असं प्रत्येक भावकीत घडलेलं असतं. सरनोबतांच्या भावकीत तर असा एक थोरला मांडवासमोर रस्त्यावर खुर्ची टाकून जेवणावळ संपेपर्यंत बसला होता, आपण आलेलो नाही हे सगळ्यांना नीट दिसावं म्हणून.

अमरसिंह शिरोलीच्या एका फौंड्रीत तयार माल तपासायचा. लोखंडातली केसाएवढी चीर त्याला लांबून दिसायची, आणि समोरच्या माणसाचा चेहरा पडलाय हे दुसऱ्या दिवशी बायकोने सांगितल्यावर कळायचं. घुम्या, शिष्ट, तिरसट अशी विशेषणं त्याने बिनतक्रार वागवली होती. शेवटी बायकोनेच, संयोगिताने, त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तीन बैठका घेतल्या, ढीगभर प्रश्न विचारले आणि सांगितलं, की हा आजार नाही, तुमचा मेंदू पहिल्यापासून असाच घडलेला आहे. गोंगाट, गर्दी, अचानक फिरलेला बेत ह्यांचा तुम्हाला इतरांपेक्षा जास्त त्रास होतो, आणि लोक जे न बोलता बोलतात ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. अमरसिंहला इतकं बरं वाटलं, की तो बाईंना चक्क हसून दाखवून आला. कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा, बाई म्हणाल्या. ज्याला सांगून मोकळं वाटेल त्यालाच सांगा.

"हे बघा," संयोगिता घरी आल्यावर म्हणाली. ती हायस्कुलात गणित शिकवते. "ही काही चार लोकांत सांगायची गोष्ट नाही."

चार लोक म्हणजे मोजून चार नव्हेत, हे अमरसिंहला माहीत होतं. पण मग किती, हे मराठीत आजवर कुणी ठरवून दिलेलं नाही. म्हणून त्याने सुरक्षित अंतर ठेवून तीन धरले. त्यातही दोन जागा मोकळ्याच राहिल्या, कारण त्याला सांगायचं होतं ते एकाच माणसाला, आक्काला.

आक्का ही त्याची सख्खी थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी, गडमुडशिंगीला दिलेली. आई शेतावर जायची तेव्हा तिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी तिच्या लग्नात वरपक्षाने एक बँड आणला आणि आपलं नाक खाली नको म्हणून वधूपक्षाने दुसरा. दोन्ही बँड समोरासमोर उभे राहून वेगवेगळी गाणी वाजवू लागले. नवरदेवाचा कान पिळायला बायकोचा भाऊ हवा असतो. त्या मानाच्या वेळी सतरा वर्षांचा अमरसिंह गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे स्वतःचेच कान धरून बसला होता. कान चुलतभावाने पिळला. अमरसिंह खाली उतरला तेव्हा गाडी गेलेली होती. सख्खा भाऊ असून पाठवणीला उभा राहिला नाही, हे आक्काने कधी बोलून दाखवलं नाही. दर भाऊबीजेला ती येई, ओवाळी, चहा घेई आणि कोल्हापुरी बायकांच्या रीतीने "येतो" म्हणून तासाभरात निघे. बहिणीने माहेराला येणं आणि पाहुण्यासारखं येऊन जाणं, ह्यांतला फरक अमरसिंहलासुद्धा कळत होता, आणि तो त्याला सत्तावीस वर्षं खुपत होता. असं का झालं हे तिला सांगता येत नव्हतं, कारण त्यालाच ते ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं होतं.

फोनवर नको, समोर जाऊन सांगायचं, असं त्याने ठरवलं. शनिवारची रजा टाकली. सकाळी दहाला निघायचं. काय बोलायचं ते एका कागदावर लिहून शर्टाच्या खिशात ठेवलं.

इथवर सगळं शिस्तीत चाललं होतं. शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडची फाईल काखेत मारून तो जिना चढत होता, आणि समोरच्या दारातल्या धोंडुबाई लसूण सोलत उंबऱ्यात बसल्या होत्या. धोंडुबाईंच्या दारावरून आजवर एकही बातमी न थांबता पुढे गेलेली नाही.

"दवाखान्याची फाईल न्हवं ती? काय झालंय?"

अमरसिंहला खोटं बोलता येत नाही. 'काही नाही' असं म्हणायला संयोगिताने त्याला शिकवलं होतं, पण तेही त्याच्या हिशेबी खोटंच होतं.

"निदान झालंय," तो म्हणाला.

"निदान काय?"

"निदानच झालंय."

"आरं, निदान काय झालंय तेवढं तरी सांगशील का न्हाई?"

"ऑटिझम."

धोंडुबाईंनी लसूण खाली ठेवला. "आटि... काय आटलंय?"

"काही आटलेलं नाही."

"रगात आटलंय की रं तुझं," धोंडुबाई हळहळल्या. "तरीच म्हटलं, ह्यो कुणाशी बोलत कसा न्हाई. बोलाय अंगात रगात लागतंय."

तीन बैठका घेऊन डॉक्टरीणबाईंना जे सापडलं नव्हतं ते धोंडुबाईंनी उंबऱ्यात बसून शोधलं, आणि रात्रीचं जेवण व्हायच्या आत ते अख्ख्या गल्लीला पुरवलं.

शनिवारी सकाळी साडेसातला पहिलं शहाळं आलं. साडेनऊपर्यंत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात शहाळ्यांचा ढीग झाला, आणि बाहेरच्या खोलीत माणसांचा. एक म्हणाला बीट खा. दुसरा म्हणाला बीट उष्ण पडतं, खारका दुधात भिजवून खा. तिसऱ्याने नृसिंहवाडीच्या पाच पौर्णिमा सुचवल्या. त्याच्या मेहुण्याचं रक्त दुसऱ्याच पौर्णिमेला भरून आलं होतं, फक्त नंतर ते नको इतकं वाढून गोळ्या चालू कराव्या लागल्या. आणि प्रत्येकाने बसता बसता दुखऱ्या आवाजात तेच वाक्य म्हटलं, की निदान मला तरी सांगायचं होतंस. ज्या शब्दाने डॉक्टर रोगाचं नाव सांगतात त्याच शब्दाने मराठी माणसं रुसतात, ह्याचं अमरसिंहला त्याही गर्दीत कौतुक वाटलं. पण दहा वाजून गेले होते. तो कागद चाचपत उठायचा, आणि कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला आजाऱ्यासारखा परत बसवायचं.

सव्वादहाला हंबीरराव आले आणि खोली आपोआप उभी राहिली. हंबीरराव हे त्याचे चुलते, भावकीत थोरले, आणि गल्लीतल्या मंडळाचे तीस वर्षं अध्यक्ष. वरच्या दातांची कवळी ते मुख्यतः खिशात वापरतात, कारण हरवली तर दुसरी करायला लागेल.

"भावकीत थोरला कोण?" त्यांनी सरळ सुरुवात केली. "मी का धोंडुबाई?"

"तुम्ही, आबा."

"मग तिला काल कळलं अन् मला आज? तेबी दूध घालायला येणाऱ्याकडनं? कवापासनं हाय हे दुखणं?"

"दुखणं नाही, आबा. जन्मापासून आहे."

"जन्मापासनं हाय," हंबीररावांनी सगळ्यांकडे पाहिलं, "अन् मला आज सांगतोय."

संयोगिता मध्ये पडली. "आबा, मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात."

"म्हंजे सोताच्याच नादात असतोय, असंच न्हवं? ते आमाला पयल्यापासनं म्हाईत हाय. त्याला डागतर कशाला पायजे?" पण तेवढ्यात त्यांचा स्वर मऊ झाला. पोरगं बिनबापाचं आहे, आपणच बघायला हवं, हे त्यांना आठवलं असावं. "बरं, झालं ते झालं. आता ही बातमी रीतीनं जाऊ दे. एकाला कळली, एकाला न्हाई, असं नगं. लोकं आयुष्यभर धरून बसत्यात. मी घालतो भावकीच्या ग्रुपवर."

"नको," अमरसिंह म्हणाला. "आधी आक्काला सांगायचंय. मी जाऊन सांगणार आहे."

"आक्का हाय की ग्रुपवर."

ह्यानंतर आठ माणसं एकदम बोलू लागली. तीन आबांच्या बाजूने होती, दोन विरुद्ध, आणि तिघं बिटाविषयी बोलत होती. अमरसिंहचं डोकं भणभणायला लागलं. त्याचा फोनही थांबेना, म्हणून त्याने तो बंद केला आणि तो मागच्या बाल्कनीत जाऊन दार लावून बसला. ह्यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. फक्त त्यामुळे झालं असं, की हंबीररावांनी फोन तोंडाशी धरून खणखणीत आवाजात मजकूर सांगितला तेव्हा तो वाचून बघणारं माणूस खोलीत नव्हतं. संयोगिता चहाला गेली होती, तिचा फोन शहाळ्यांच्या ढिगाखाली गेला होता, हंबीररावांचा चष्मा घरी होता आणि कवळी खिशात. त्यांनी सांगितलं, "आमचे पुतणे अमरसिंह यांचे काल निदान झाले. भावकीने नोंद घ्यावी." फोनने लिहिलं, "आमचे पुतणे अमरसिंह यांचे काल निधन झाले. भावकीने नोंद घ्यावी."

भावकीने नोंद घेतली.

दीड वाजता, माणसं जेवायला पांगली हे बघून अमरसिंह मागच्या जिन्याने निसटला. कोपऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. मंडळाचे चिटणीस यशराज, ज्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान चौकातच आहे, ते शिडीवर चढून एका नव्या बोर्डाची दोरी आवळत होते. काळी किनार, वर 'भावपुर्ण श्रध्दांजली', मध्ये अमरसिंहचा लग्नातला फेटा बांधलेला फोटो. खाली 'शोकाकुल' म्हणून नऊ जणांचे फोटो, त्यांत हंबीररावांचा मयतापेक्षा दुप्पट मोठा.

आता इथे दुसरा कुणी असता तर ओरडला असता किंवा चक्कर येऊन पडला असता. अमरसिंहला माल तपासायची सवय. त्याला आधी चूक दिसली.

"'पूर्ण'मधला 'पू' दीर्घ पाहिजे," तो म्हणाला.

"घाईत केलंय ओ," यशराज मागे न बघता म्हणाले. "मयत अचानक झालंय." मग त्यांनी मागे पाहिलं आणि ते शिडीच्या उरलेल्या तीन पायऱ्या एकदम उतरले.

यशराज सावरल्यावर बोलणं बरंच समजुतीने झालं. अमरसिंह म्हणाला, बोर्ड काढा. यशराज म्हणाले, काढला असता, पण श्रद्धांजलीचा बोर्ड दहाव्याच्या आत उतरवायचा नाही असा मंडळाचा ठराव आहे; गेल्या वर्षी एकाचा तिसऱ्या दिवशी उतरवला तर घरचे भांडायला आले होते.

"पण मी जिवंत आहे."

"ते दिसतंय की. तुम्ही जित्ते न्हाई असं मी म्हणतोय का? पण ठराव रद्द कराय मीटिंग लागतिया, अन् मीटिंगला सात दिस आधी नोटीस. तवर तुमचा दहावा येतोयच की जवळ."

अमरसिंहला नियम आवडतात. त्यामुळे ह्या युक्तिवादात कुठे बोट ठेवावं हे त्याला पटकन सुचेना. शेवटी तडजोड निघाली. यशराजांच्या दुकानात कुणाच्या तरी वाढदिवसाची 'शुभेच्छा' अशी एक पट्टी उरली होती. ती 'श्रध्दांजली'वर चिकटवली, आणि कोपऱ्यावर काळ्या किनारीत 'भावपुर्ण शुभेच्छा' झळकू लागल्या. पू तसाच राहिला.

मग त्याने फोन चालू केला. पहिला फोन फौंड्रीतल्या हजेरीवाल्यांचा आला. त्यांना आनंद झाला, पण अडचणही झाली. "सर, आम्ही कॉम्प्युटरला तुमची नोंद बंद केलीय. आता येताना हयातीचा दाखला घेऊन या, न्हाईतर गेटवर कार्ड चालायचं न्हाई. अन् आजची तुमची रजा मी कशात मांडू?" किरकोळ रजेत मांडा, असं अमरसिंह सांगतच होता, तेव्हा त्याला पडद्यावर चुकलेल्या फोनांचा आकडा दिसला. त्रेसष्ट. त्यांतले सत्तावीस आक्काचे होते.

सगळ्यात आधी जिला सांगायचं, नीट, समोर बसून, आपल्या शब्दांत, तिला हे असं कळलं होतं. त्याने फोन लावला. तिने उचलला नाही, कारण तेवढ्यात कोपऱ्यावर गडमुडशिंगीची जीप थांबली होती.

आक्का उतरली ती आकांत करतच. पायात चप्पल नव्हती, पदर ओघळलेला, हाताला दोन्हीकडून दोन जावा. "आरं माझ्या अमरा, तुला कडंवर घेऊन हिंडलो रं मी... सत्तावीस वर्सं तुझ्यासंगं धड बोललो न्हाई, आता कुणावर रुसू रं मी... फोन लावलो तर तोबी बंद करून गेलास..."

अमरसिंह तिच्या वाटेतच उभा होता. "आक्का," तो म्हणाला.

"पावणं, जरा बाजूला व्हा," आक्का डोळ्यांना पदर लावूनच म्हणाली आणि त्याला हाताने सारून जिन्याकडे चालू लागली. एका जावेने त्याच्याकडे पाहिलं, वरच्या फोटोकडे पाहिलं आणि ती तिथेच मटकन खाली बसली. आक्का एकटीच चार पायऱ्या चढून गेली.

अमरसिंह मागोमाग जिन्यापाशी आला. "आक्का, मी आहे. निधन नाही, निदान झालंय."

ती वळली. हळूहळू चार पायऱ्या खाली उतरली. त्याच्या तोंडावरून एकदा हात फिरवला, खात्री झाल्यावर तोच हात मागे नेला आणि त्याच्या मुस्काटात अशी वाजवली, की समोरच्या गॅलरीतल्या धोंडुबाईंच्या हातातला तांब्या पडला.

मग अख्खी गल्ली बोलायला लागली. हंबीरराव फोनला दोष देत आले, तो फोन घेऊन देणाऱ्या जावयाला दोष देत आले. यशराज ठराव समजावू लागले. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं, असं धोंडुबाई वरून सांगू लागल्या. अमरसिंहने दोन्ही कानांत बोटं घातली. गाल लाल झाला होता आणि डोळे मिटलेले होते. आक्का त्याच्याकडे बघत राहिली. तिने त्याचं मनगट धरलं, त्याला जिन्यातून वर स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं. आत संयोगिता होती, आणि शहाळी.

त्याने खिशातला कागद काढला. घामाने त्यावरची शाई पसरली होती. तेव्हा त्याने मनानेच सांगितलं, तुटक तुटक, मेंदूचं, आवाजाचं, दोन बँडचं, पाण्याच्या टाकीचं.

"म्हंजे तुला येऊ वाटलं न्हाई, असं न्हवतं," आक्का म्हणाली.

"बँड थांबला की येणार होतो. पण बँड तुझ्याबरोबरच गेला."

खोटं बोलता न येणाऱ्या माणसाला थांबायचं कुठे हेही कळत नाही, म्हणून तो पुढे बोलत गेला. "संध्याकाळी मी ताटं मांडली. तुझं पण मांडलं. आई म्हणाली, ते उचल. मी नाही उचललं. आठ दिवस रोज मांडत होतो. मग आईने ते ताट कपाटावर ठेवून दिलं."

"हे मला आई कधी बोलली न्हाई," आक्का म्हणाली, आणि रडली. ह्या वेळचं रडणं बिनआवाजाचं होतं. अमरसिंहला काय करावं कळेना. त्याने एक शहाळं उचललं आणि ते फोडायला काही मिळेना म्हणून तसंच तिच्या हातात दिलं. तिने ते घेतलं.

दारावर थाप पडली. हंबीररावांनी डोकं आत घातलं. "आक्का, जीप परत जायला उभी हाय. चहाबिहा घेऊ नगंस हं. मयताच्या मातीला म्हणून निघालेल्या माणसानं त्या घरात अन्नपाणी घ्यायचं नसतंय. बातमी खोटी असली तरी निघताना तू मातीलाच निघालीवतीस. रीत ती रीत."

आक्काने पदराने तोंड पुसलं, शहाळं कट्ट्यावर ठेवलं आणि पाटावर मांडी घालून बसली.

"जीप जाऊ दे, आबा. मातीला आलेले जात्याल," ती म्हणाली. "मी म्हायेराला आलोय. चार दिस ऱ्हातो."

संयोगिता कुकर लावायला वळली. अमरसिंहने मांडणीवरचं ताट घेतलं, पुसलं आणि आक्कापुढे मांडलं. भात व्हायला अजून पाऊण तास होता, पण ताट उचल असं ह्या खेपेला कुणी म्हणालं नाही.